खासगीपणाची वर्गणी आणि लिनक्सची कसोटी



या व्यासपीठासाठी आजचा विषय जरा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पैसे घेऊन आपला खासगीपणा जपण्याची हमी देणाऱ्या ऑनलाइन सेवा लिनक्स वापरणाऱ्या ग्राहकाला काय देतात आणि त्याच्याकडून काय घेतात, एवढाच तो आहे. हे संगणकवाल्यांच्या घरातले भांडण आहे, ते घरातच मिटवा, असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण माझे म्हणणे असे की हा प्रश्न लिनक्सवाल्या मूठभरांपुरता नाही. खासगीपणासाठी वर्गणी भरणारा माणूस विंडोज वापरत असो की मॅक, आपल्या पैशांचा मोबदला पुरता पदरात पडतो का, हे ओळखायला कंपनीचे लिनक्सशी असलेले वागणे ही आज हाताशी असलेली सर्वांत चांगली कसोटी आहे. मला सिद्ध करायचे आहे ते एवढेच. लिनक्स म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे टेबलावरचा आणि मांडीवरचा संगणक आहे. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे हे खरे, पण तिथली सत्ता वेगळ्यांच्या हाती आहे, म्हणून ते आज बाजूला ठेवू.

हा धंदा तसा तरुण आहे. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी पाळतीची कागदपत्रे उघड केली आणि फुकट मिळणाऱ्या ईमेलची किंमत आपण कशाने मोजतो, याची चर्चा सामान्य वर्तमानपत्रांत पोहोचली. पुढच्याच वर्षी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात भेटलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी प्रोटॉनमेल सुरू केले. लोकवर्गणीतून त्यांना साडेपाच लाख डॉलर मिळाले. जर्मनीत हॅनोव्हरला टुटानोटा, म्हणजे आजचे टुटा, त्याआधीच काम करत होते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची मुलवाड ही व्हीपीएन कंपनी २००९ पासूनची. पासवर्ड सांभाळणारे बिटवॉर्डन २०१६ चे. या साऱ्यांचे सांगणे एकच: जाहिरातदार आम्हाला पोसत नाहीत, तुम्ही पोसता, म्हणून आमची निष्ठा तुमच्याशी. सांगणे सरळ आहे आणि पुष्कळ अंशी प्रामाणिकही आहे. पण त्यात एक अडचण दडलेली आहे.

अडचण अशी की विकत घेतलेला हा माल ग्राहकाला तपासता येत नाही. दूरच्या सर्व्हरवर आपल्या पत्राचे नेमके काय होते, नोंदी ठेवतात की पुसतात, हे वर्गणीदाराला दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त आश्वासन. आश्वासन देणारा सज्जन असला तरी त्याच्यावर कायदा आहे, न्यायालय आहे, पोलीस आहेत. याचे दोन दाखले या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावेत असे आहेत. पहिला कॅनडातल्या हशमेलचा. ही सेवा १९९९ पासून एन्क्रिप्ट केलेले ईमेल देत असे. सुरुवातीला कुलूप लावण्याचे आणि उघडण्याचे काम ग्राहकाच्या संगणकावर उतरणाऱ्या जावा ॲपलेटमध्ये होई. ते लोकांना किचकट वाटले, म्हणून कंपनीने सोपी सोय काढली: परवलीचा शब्द सर्व्हरवर पाठवा, बाकीचे आम्ही पाहू. २००७ मध्ये उघड झाले की न्यायालयाच्या आदेशावरून हशमेलने काही ग्राहकांची उलगडलेली पत्रे बारा सीडी भरून तपासयंत्रणांना दिली होती. दुसरा दाखला टेक्ससच्या लाव्हाबिटचा. स्नोडेन ज्या सेवेचे ईमेल वापरत होता तिच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या अमेरिकी सरकारने मागितल्या. मालक लाडर लेव्हिसन याने त्या आधी ११ पानांवर, भिंग लावूनही वाचता येणार नाहीत अशा बारीक टायपात छापून दिल्या. न्यायालयाने कान उपटल्यावर ८ ऑगस्ट २०१३ रोजी त्याने सेवाच बंद करून टाकली. एकाने सोय करताना दार किलकिले ठेवले आणि दुसऱ्याने दुकानच मिटले. दोन्ही प्रसंगांतून निघणारा अर्थ एकच आहे. किल्ली कोणाच्या संगणकावर तयार होते, कोणत्या प्रोग्रॅममध्ये वापरली जाते आणि तो प्रोग्रॅम कोणाच्या ताब्यात असतो, यावर सगळे अवलंबून आहे. बाकी सगळी माहितीपत्रके.

म्हणजे वर्गणीदाराच्या हाती तपासण्याजोगा भाग एकच उरतो: त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर. त्यातही दोन प्रकार आहेत. ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडले की कुलूप लावणारा कोड त्या क्षणी सर्व्हरकडून येतो. उद्या येईल तो आजच्यासारखाच असेल, किंवा मला आलेला कोड आणि शेजाऱ्याला आलेला कोड एकच असेल, याची खात्री सामान्य माणसाला करता येत नाही. सर्व्हरवर दबाव आला तर एकट्याच ग्राहकाला वेगळा कोड पाठवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. याउलट, सही केलेले पॅकेज एकदा उतरवून बसवले की ते जगातल्या सगळ्यांचे सारखे असते, त्याचा सोर्स कोड उघडा असला तर तिसरा माणूस तो वाचू शकतो, आणि नवी आवृत्ती कधी घ्यायची हे आपण ठरवतो. ब्राउझरची वाट निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, कोट्यवधी लोकांचे तिच्यावर भागते. पण खासगीपणाच्याच नावाने पैसे घेतले जात असतील तर ही दुय्यम वाट आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

आता लिनक्सकडे वळू. एखादी कंपनी विंडोज आणि मॅकसाठी ॲप काढते आणि लिनक्सवाल्याला सांगते, तुम्ही तूर्त ब्राउझरमधून काम चालवा. तेव्हा ती त्याची फक्त गैरसोय करत नसते. ज्या कारणासाठी त्याने वर्गणी भरली, नेमके तेच ती त्याला कमी प्रतीचे देत असते, आणि दर मात्र पूर्ण घेते. गंमत अशी की हा ग्राहक बहुधा खासगीपणाची चाड असल्यामुळेच लिनक्सकडे गेलेला असतो. कंपनीचे आपले सर्व्हर तर लिनक्सवरच चालतात. मुलवाडने सप्टेंबर २०२३ मध्ये आपले सगळे व्हीपीएन सर्व्हर डिस्कविना, केवळ मेमरीवर चालणारे करून टाकले, तेही लिनक्सच्याच बळावर. ज्या भांडवलावर धंदा उभा आहे, त्याच्या माणसाला पंगतीत शेवटी बसवायचे, ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे.

उदाहरण प्रोटॉनचेच घेऊ, कारण ते सर्वांत मोठे आहे आणि त्याच्याबद्दल बरेवाईट दोन्ही बोलता येते. प्रोटॉन ड्राइव्ह ही एन्क्रिप्ट केलेली फाइल साठवण सप्टेंबर २०२२ मध्ये चाचणी अवस्थेतून बाहेर पडली. विंडोजसाठीचे ॲप जुलै २०२३ मध्ये आले, मॅकसाठीचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. लिनक्ससाठी २०२४ संपले तरी आले नव्हते. मधल्या काळात लिनक्सवाल्यांच्या मदतीला धावले ते आरक्लोन हे स्वयंसेवी वृत्तीने चालणारे साधन. सप्टेंबर २०२३ च्या त्याच्या आवृत्तीत प्रोटॉन ड्राइव्हची जोडणी आली. पण प्रोटॉनने त्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती अधिकृतपणे मांडलेली नव्हती. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय बोलणे चालते ते पाहून आणि कंपनीचे उघडे सोर्स कोड चाळून ही जोडणी बांधावी लागली. कंपनीने आपल्या बाजूला खिळा हलवला की ती कोलमडणार, हे ठरलेलेच. आता हिशेब पाहा. प्रोटॉनची ‘अनलिमिटेड’ वर्गणी २०२४ च्या दराने वर्षाचे एकदम भरल्यास महिना ९.९९ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे १२० डॉलर होती. तीत ईमेल, व्हीपीएन, पासवर्ड आणि ५०० जीबी जागा. ही ५०० जीबी मुख्यतः ड्राइव्हमुळेच भरणार. ज्याच्या संगणकावर ड्राइव्ह आपोआप जुळवले जात नाही, त्याने थाळीचे पैसे भरावेत आणि दोन वाट्या रिकाम्याच समोर याव्यात, असा तो व्यवहार झाला. त्याच काळात मुलवाडचे वर्षाचे ६० युरो, टुटाच्या साध्या सशुल्क योजनेचे ३६ युरो आणि बिटवॉर्डनचे १० डॉलर धरले, तर बेरीज जवळपास तेवढीच होत होती. त्यात साठवणीची मोठी जागा नाही हे खरे, पण घेतलेली प्रत्येक गोष्ट लिनक्सवर पुरती चालत होती.

प्रोटॉनवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो, आणि ती माझ्या मुद्द्याला अधिक उपयोगी आहे. प्रोटॉनचे ‘ब्रिज’ हे छोटे सॉफ्टवेअर पाहा. ते तुमच्याच संगणकावर एक चिमुकला मेल सर्व्हर उभा करते. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे घरातल्या घरात. पत्रे घ्यायला ११४३ क्रमांकाचे पोर्ट आणि पाठवायला १०२५. थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रॅमला वाटते आपण नेहमीच्याच मेल सर्व्हरशी बोलतो आहोत. प्रत्यक्षात ब्रिज पलीकडून आलेले कुलूपबंद पत्र तुमच्या संगणकावर उघडून त्याच्या हाती देत असते. ब्रिजच्या किल्ल्या नोम डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये किंवा ‘पास’ या जुन्याजाणत्या टर्मिनल साधनात ठेवता येतात. सोर्स कोड उघडा आहे, लिनक्सची पॅकेजे अधिकृत आहेत. वर्गणीदाराला आपला नेहमीचा मेल प्रोग्रॅम बदलावा लागत नाही, त्याच्या पत्रांची प्रत त्याच्या डिस्कवर राहते, आणि उद्या प्रोटॉन सोडायचे ठरले तर सगळा संग्रह काखोटीला मारून निघता येते. एकाच कंपनीत ब्रिजसारखी उमदी गोष्ट आहे आणि ड्राइव्हच्या बाबतीतली चालढकलही आहे. म्हणून मी कंपन्यांना सरसकट गुण देण्याच्या विरोधात आहे. गुण द्यायचे ते वस्तूला.

आता मुलवाड. दर महिन्याला ५ युरो, २००९ पासून तेवढेच. वर्षाचे भरा, दोन वर्षांचे भरा, सवलत नाही. खाते काढायला ईमेल लागत नाही, नाव लागत नाही. १६ अंकी क्रमांक मिळतो, तेच खाते. पाकिटात रोख नोटा घालून टपालाने पाठवल्या तरी चालतात. जून २०२२ मध्ये त्यांनी आपोआप पैसे कापून घेण्याची सोयच काढून टाकली, कारण तिच्यासाठी ग्राहकाची माहिती जपून ठेवावी लागत होती. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन कचेरीत आले आणि ग्राहकांची माहितीच जपलेली नसल्याने हात हलवत परत गेले. लिनक्सचे ॲप तिथे सावत्र नाही; खालचे यंत्र रस्ट भाषेतले, वरचे खिडकीचे रूप विंडोज-मॅकवर जे तेच इथे, शिवाय टर्मिनलमधून चालवण्याची सोय. पण मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती वायरगार्डची फाइल. जेसन डोनेनफेल्ड याने लिहिलेला वायरगार्ड हा व्हीपीएनचा शिष्टाचार, म्हणजे प्रोटोकॉल, मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत दाखल झाला. त्याचा कोड मूळचा चार हजार ओळींच्या आसपास, म्हणजे एका जाणत्या माणसाला आठवड्याभरात वाचून होईल असा. मुलवाडच्या संकेतस्थळावरून मिळणारी त्याची मांडणीची फाइल तर जेमतेम आठ-दहा ओळींची. वरच्या भागात तुमची गुप्त किल्ली, तुमचा पत्ता आणि डीएनएस. खालच्या भागात सर्व्हरची जाहीर किल्ली, त्याचा पत्ता आणि कोणती रहदारी त्यातून जावी याची एक ओळ. ही फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवली आणि एक आज्ञा दिली की कंपनीच्या ॲपवाचून व्हीपीएन चालू. उद्या ॲप बिघडले, कंपनीने ते काढून घेतले, तुमचा लिनक्स अगदी अनवट निघाला, तरी अडत नाही.

इथे लिनक्सची साथ म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होतो. ती दोन प्रकारे देता येते. एक तर कंपनीने स्वतःचे ॲप द्यावे, किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या खुल्या शिष्टाचाराने बोलावे, म्हणजे जगातले कोणतेही साधन तिच्याशी जोडता येईल. दुसरा प्रकार मला अधिक मोलाचा वाटतो. पण साठवण आणि ईमेल यांच्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आले की हा दुसरा रस्ता बहुतेक बंद होतो. साध्या मेल सर्व्हरशी कोणताही मेल प्रोग्रॅम बोलू शकतो, कुलूपबंद सर्व्हरशी नाही. टुटाने तर विषयाची ओळसुद्धा एन्क्रिप्ट केली आणि आयमॅप हा ईमेलचा रूढ शिष्टाचार मुळातच नाकारला. त्यांची तांत्रिक भूमिका पटण्याजोगी आहे. मात्र ग्राहकाच्या हातातली सगळी सर्वसाधारण साधने काढून घेतल्यावर त्याला स्वतःचे साधन देण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि ती विंडोजवाल्यापुरती येत नाही. टुटाने ती पार पाडली आहे. त्यांचे डेस्कटॉप ॲप लिनक्सवर मिळते आणि त्याचा कोड उघडा आहे. थोडक्यात, एन्क्रिप्शन जितके कडक तितके लिनक्सचे कर्तव्य जड. एखाद्या साध्या साठवणीच्या सेवेकडे लिनक्स ॲप नसेल तर ती उणीव आहे. कुलूपबंद साठवणीकडे नसेल तर करारातली मुख्य अटच अपुरी आहे.

यावर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला संख्येचा. लिनक्स वापरणारे आहेतच किती? स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभरातल्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा पहिल्यांदा चार टक्क्यांवर गेला. भारतात त्याच वर्षी तो पंधरा टक्क्यांच्या आसपास दाखवला जात होता. ही मोजणी माणसांची नसून पाहिलेल्या पानांची असते, तेव्हा आकड्याला कवटाळून बसण्यात अर्थ नाही. पण ‘शेकडा एक’ हे जुने पालुपद आता चालणार नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे अगणित चांगले संगणक अधांतरी राहिले. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने तर २०२४ मध्येच आपल्या कारभारातले ३०,००० संगणक लिब्रेऑफिस आणि लिनक्सकडे नेण्याचे जाहीर केले होते. लिनक्सचा ग्राहक म्हणजे दाढीवाला प्रोग्रॅमर, हे चित्र जुने झाले.

याच आक्षेपाचा दुसरा पदर खर्चाचा आहे: उबुंटू, फेडोरा, आर्च, डेबियन, किती जणांची मर्जी सांभाळायची? हा त्रास खोटा नाही. ड्रॉपबॉक्स सुरुवातीपासून, २००८ पासून, लिनक्सला ॲप देत आले. २०१८ मध्ये त्यांनी अचानक ठरवले की लिनक्सवर डिस्कची मांडणी ईएक्सटी४ पद्धतीची असेल तरच आम्ही चालू. ओरड झाली आणि जुलै २०१९ मध्ये त्यांनी एक्सएफएस, बीटीआरएफएस वगैरेंना पुन्हा आत घेतले. फाइल जुळवणारे ॲप डिस्कच्या इतक्या जवळ काम करते की तिथे विविधतेची किंमत मोजावी लागते. पण या गोष्टीचा शेवट लक्षात घ्या: सात-आठ महिन्यांत ते जमले. फ्लॅटपॅक, ॲपइमेज, स्नॅप यांनी एकच पॅकेज अनेक वितरणांवर चालवण्याचा मार्ग काढून दिला आहे. आणि ज्या कंपनीला आपल्या पॅकेजांची दगदग नको, तिने उघडा कोड आणि नीट लिहिलेली तांत्रिक माहिती ठेवावी. डेबियन-आर्चचे स्वयंसेवक उरलेले काम करतात. पैसे वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय समोर असताना खर्चाचे रडगाणे गाणाऱ्या कंपनीबद्दल मला फारशी सहानुभूती वाटत नाही.

दुसरा आक्षेप कुत्सित आहे: लिनक्सवाले फुकटे असतात, पैसे देत नाहीत. २०१० च्या मे महिन्यात ‘हम्बल इंडी बंडल’ या नावाने काही खेळ ‘वाटेल ते द्या’ या तत्त्वावर विकायला ठेवले होते. कोणत्या प्रणालीचा ग्राहक सरासरी किती देतो, ते उघडपणे दाखवले जात होते. सर्वांत जास्त सरासरी लिनक्सवाल्यांची निघाली, विंडोजवाल्यांच्या दीडपटीहूनही अधिक. एका विक्रीवरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. म्हणून दुसरी गोष्ट: फुकट मिळणाऱ्या, लिनक्सजगतात घराघरात असलेल्या थंडरबर्डला २०२२ या एका वर्षात ६४ लाख डॉलरहून जास्त देणग्या मिळाल्या. तिथे विंडोजचेही लोक आहेत, पण उघड्या सॉफ्टवेअरचा वापरकर्ता खिशात हात घालत नाही हा समज टिकत नाही. तो पैसे देतो. अर्धवट वस्तूला पूर्ण पैसे द्यायला कुरकुरतो, आणि ते रास्त आहे.

तिसरा आक्षेप स्तुतीच्या वेषात येतो. लिनक्सवाले हुशार असतात, त्यांचे ते करून घेतील. आरक्लोन आहे, स्वतःचा सर्व्हर उभारता येतो, त्यावर चालवायला नेक्स्टक्लाउड आहे. करून घेतात, यात शंका नाही. पण स्वतःचा मेल सर्व्हर चालवणे म्हणजे काय, हे करणाऱ्यालाच कळते: घरगुती जोडण्यांवर २५ क्रमांकाचे पोर्ट बहुधा बंद असते, मोठ्या कंपन्या अनोळखी पत्त्यावरून आलेले पत्र स्पॅममध्ये लोटतात, आणि रात्री दोन वाजता सर्व्हर झोपला तर उठवायला दुसरे कोणी नसते. ज्याला हे करायचे त्याने जरूर करावे. ज्याने ते टाळण्यासाठी पैसे मोजले, त्याला ‘तुझे तू बघ’ म्हणणे हा हात वर करण्याचा प्रकार झाला. शिवाय या युक्तिवादात लिनक्सवर नव्याने येणारी माणसे बसतच नाहीत. जुना लॅपटॉप वाचवण्यासाठी लिनक्स टाकलेल्या शिक्षकाने किंवा छोट्या संस्थेच्या कार्यवाहाने टर्मिनल का शिकावे? नॉर्डव्हीपीएनच्या लिनक्स ग्राहकाला २०२५ पर्यंत टर्मिनलमध्येच आज्ञा टंकत बसावे लागले, खिडकीचे रूप तेव्हा कुठे आले. कोड मात्र त्यांनी मार्च २०२३ मध्येच उघडा केला होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. उघडा कोड आणि वापरायला सोपे ॲप, दोन्ही लागतात. पासवर्ड सांभाळणाऱ्या वनपासवर्डने २०२१ मध्ये लिनक्ससाठी देखणे, पूर्ण ॲप आणले, पण त्याचा कोड बंद आहे. सोयीच्या दृष्टीने ते उत्तम, पडताळणीच्या दृष्टीने बिटवॉर्डन सरस. तिथे ॲपही उघडे आहे आणि हवा तर सर्व्हरही आपल्या घरी बसवता येतो.

आपल्या देशाशी या प्रश्नाचा थेट धागा आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने निर्देश काढले की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि वापराचे प्रयोजन यांची नोंद पाच वर्षे ठेवावी. नोंद न ठेवणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना हे मानवणारे नव्हते. जूनमध्ये एक्सप्रेसव्हीपीएन आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर उचलले, सप्टेंबरमध्ये प्रोटॉननेही. भारतीय पत्ता हवा असणाऱ्यांना तो आता परदेशातल्या सर्व्हरवरून दिला जातो. त्या निर्देशांचे बरेवाईट हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. इथे घ्यायचा अर्थ एवढाच की सर्व्हर कुठे असेल आणि त्याच्यावर कोणता कायदा लागू होईल, हे ना पुण्यातल्या ग्राहकाच्या हाती आहे ना जिनिव्हातल्या कंपनीच्या. दोघांमधली एकच गोष्ट ग्राहकाच्या हाती राहते, ती त्याच्या संगणकावरची. पैशाचे गणितही आपल्याकडे वेगळे आहे. परदेशी ऑनलाइन सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या आपोआप वसुलीच्या नियमांमुळे असंख्य परदेशी वर्गण्या भारतीय कार्डांवर अडकल्या. १२० डॉलर म्हणजे वर्षाला दहा हजार रुपयांच्या घरातली रक्कम; झुरिकमधल्या ग्राहकाला ती कॉफीच्या हिशेबात जाईल, इथल्या मुक्त पत्रकाराला जाणवते. म्हणून दोन वर्षांचे आगाऊ भरून मोठी सवलत घ्या, या जाहिरातीला भुलू नये. लांब मुदतीची सवलत म्हणजे ग्राहकाने तपासणी करण्याच्या आत त्याला बांधून घेणे. आपल्या लिनक्सवर ही वस्तू चालते का, हे एका महिन्यात कळते, आणि मुलवाडसारखा सपाट दर त्या तपासणीला मोकळीक देतो.

शेवटचा आक्षेप मुळावरच घाव घालणारा आहे: या वर्गण्या मुळात लागतातच का? व्हीपीएनच्या बाबतीत मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. बहुतेक संकेतस्थळे आता एचटीटीपीएसवर आहेत. व्हीपीएन आपली रहदारी इंटरनेट पुरवणाऱ्यापासून लपवतो आणि व्हीपीएनवाल्याच्या हाती देतो, म्हणजे विश्वासाची जागा बदलते, गरज संपत नाही. जाहिरातींत दाखवतात तसे ते कवचकुंडल नव्हे. ईमेल, पासवर्ड आणि साठवण यांचे तसे नाही. तिथे वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, घराची कागदपत्रे, स्रोतांची नावे पडून असतात. घेण्याजोगी वर्गणी तीच, आणि लिनक्सची कसोटी नेमकी तिथेच लावायची आहे.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. वर्गणी भरण्याआधी कंपनीचे डाउनलोडचे पान उघडा आणि लिनक्सच्या नावापुढे काय लिहिले आहे ते पाहा, तुमच्याकडे विंडोज असले तरी. तिथे ‘लवकरच’ असेल तर त्या वस्तूचे पैसे ती आल्यावर द्या. कोड उघडा आहे का आणि आपला संग्रह घेऊन बाहेर पडायची वाट आहे का, हे विचारा. महिन्याचा दर भरा, वर्षाचा नको. वर्गणी बंद केलीत तर कारणाच्या रकान्यात ‘लिनक्स’ लिहा. कंपन्या तो रकाना वाचतात. आणि आपल्यापैकी जे ग्रंथालये, शिक्षणसंस्था, सहकारी बँका आणि वृत्तपत्रे यांच्या कारभारात आहेत, त्यांनी अशा सेवेची निविदा काढताना त्यात एक अट घालावी: अधिकृत लिनक्स ॲप किंवा प्रसिद्ध केलेला खुला शिष्टाचार, दोन्हींपैकी एक तरी हवे. ही अट घालायला एक ओळ पुरते.